‘श्रिंक’ला अरबीत काय म्हणायचं? आधी सांगा, आटलं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. आखातातल्या एका ग्राहकासाठी इंग्रजी कागद अरबीत करायचे आहेत आणि ‘श्रिंक’ हे क्रियापद त्यात तीन ठिकाणी आलं आहे. एकदा सुती शर्टाच्या धुलाईच्या सूचनेत, एकदा इमारतीच्या पायाखालच्या मातीच्या अहवालात आणि एकदा एका पत्रात, जिथं कंपनी आपल्या जबाबदारीपासून ‘श्रिंक’ होणार नाही असं म्हटलंय. शब्दकोश सात-आठ अरबी क्रियापदं दाखवतो, मोबाइल दर वेळी वेगळंच सांगतो. विचारणाऱ्यानं अरबी नागपुरातच, मोमिनपुऱ्यात शिकलेली आहे, त्यामुळे लिपी आणि व्याकरणाचा पाया पक्का आहे. अडचण शब्दांच्या निवडीची आहे.

पहिल्या दोन जागी एकच शब्द चालेल. तिसऱ्या जागी तोच ठेवलात तर कंपनी गरम पाण्यात धुतल्यासारखी वाटेल.

माझी पद्धत आधी सांगतो, कारण तिच्यामुळे निम्मं काम होतं. इंग्रजीतून थेट अरबीत उडी मारू नका, मधे मराठी घाला. इंग्रजीनं एका ‘श्रिंक’मध्ये जे कोंबलंय ते मराठीनं पूर्वीच वेगवेगळं करून ठेवलंय. कापड आटतं, विहीर आटते. कातडं आक्रसतं. स्नायू आखडतो. पूर ओसरतो. गर्दी रोडावते. माणूस आजारानं खंगतो. संत्र्याची साल सुरकुतते. आशा मावळते. भ्यालेला माणूस अंग चोरतो, आणि जबाबदारीला कचरतो. अरबीतले तुकडे नेमके याच रेषांवर पडत नाहीत, पण मराठी क्रियापद ठरलं की कोणती चार अरबी क्रियापदं बाजूला ठेवायची ते लगेच कळतं. आपल्याकडे अरबी शिकलेली बरीच मंडळी मधे उर्दू घालतात. उर्दूतलं ‘सिकुडना’ इंग्रजीइतकंच ऐसपैस आहे, त्यामुळे तिथं हा फायदा मिळत नाही.

आता साच्यांकडे येऊ. अरबीत तीन अक्षरांचं मूळ असतं आणि ते ठरावीक साच्यात ओतलं की अर्थाला दिशा मिळते. अरबी व्याकरणकार या साच्याला ‘वज़न’ म्हणतात, आपलं वजन तेच. हे शिकवताना मी परदेशी उदाहरणं घेत नाही, कारण मराठीत हे साचे शेकडो वर्षं पडून आहेत. विदर्भात आपण तहसील म्हणतो, पुण्याकडचे लोक तालुका म्हणतात. दोन्ही शब्द फारसीमार्गे अरबीतून आलेले आहेत. तहसील म्हणजे वसूल करणं. कोणीतरी काहीतरी करतं, कर्म लागतं. तालुक्याच्या मुळाशी तअल्लुक़ आहे, म्हणजे जोडलेलं असणं. हे आपलं आपण घडतं, कर्म लागत नाही. याच दोन साच्यांत क़-ल-स हे मूळ ओता. तक़लीस म्हणजे कमी करणं, आटवणं. तक़ल्लुस म्हणजे कमी होणं, आटणं. खर्चाला सरकारनं कात्री लावली तर तक़लीस, वाळवंटाच्या कडेचं कुरण आपोआप कमी झालं तर तक़ल्लुस. इंग्रजी ‘श्रिंक’ दोन्हीकडे जसंच्या तसं वापरतं, अरबीत साचा बदलावाच लागतो. कोणता घ्यायचा याची शंका आली तर तहसील-तालुका आठवा.

आणखी दोन साचे लागतील. ‘इन्किलाब’ ज्या साच्याचा आहे त्याच साच्यात ‘इन्किमाश’ बसतो. यात क्रिया वस्तूच्या स्वतःवरच होते, म्हणजे उलटणं, आकसणं. फक्त सुरुवातीला ‘इन’ दिसला की हाच साचा असं समजू नका. इन्साफमधला ‘न’ मूळ धातूतला आहे. दुसरा साचा तफावतचा. दोन गोष्टींतलं अंतर दाखवायला आपण रोज तफावत म्हणतो, त्याच वजनाचा ‘तदाउल’ म्हणजे हळूहळू क्षीण होत जाणं. यातला ‘द’ जड आहे, आपल्याकडे उर्दूच्या सवयीनं त्याला ‘ज़’ म्हणतात. रमज़ानचा अरबी उच्चार रमदान होतो, तसंच हे.

आता तुमचा शर्ट. सुती कापड धुतल्यावर आटतं याचं कारण विणतानाचा ताण. मागावर आणि पुढच्या प्रक्रियांत सूत ओढलेलं असतं, पाणी लागलं की ते सैल पडतं आणि आपल्या मूळ लांबीकडे परततं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 साली ज्या गावात सुरू झाली तिथल्या लोकांना हे सांगायची गरज नसावी. या आटण्याला अरबीत ‘इन्कमश’, वर्तमानकाळात ‘यन्कमिश’, नाम ‘इन्किमाश’. वस्तू तीच राहते, तिच्यातून काही कापून नेलेलं नसतं, ती स्वतःत गोळा होते. मूळ क-म-श. याच मुळापासून आजच्या अरबीत ‘कम्माशा’ म्हणजे पकड, खिळे उपटायची. एवढं लक्षात राहिलं तरी अर्थ विसरणार नाही.

सूचनेत बहुधा ‘आटू शकतो’ असं आहे, आणि इथं एक खड्डा आहे. अरबीतलं ‘क़द’ वर्तमानरूपाआधी आलं तर ‘कदाचित’, भूतकाळाआधी आलं तर ‘झालंच आहे’. ‘क़द यन्कमिशु अल्-क़मीस’ म्हणजे शर्ट आटण्याची शक्यता आहे. ‘क़द इन्कमश अल्-क़मीस’ म्हणजे तुम्ही दुकानातच आटलेला शर्ट विकताय. टक्केवारी द्यायची असेल तर ‘बि’ आणि ‘इला’ यांत गल्लत करू नका. ‘बिनिस्बति 3 फिल्-मिआ’ म्हणजे 3 टक्क्यांनी, ‘इला 3 फिल्-मिआ’ म्हणजे 3 टक्क्यांवर. मराठीत ‘नी’ आणि ‘वर’ आपण कधी चुकवत नाही, पण इंग्रजी मजकूर समोर असला की घाईत हेच चुकतं. ‘3 टक्क्यांपर्यंत’ हवं असेल तर ‘बिनिस्बतिन तसिलु इला 3 फिल्-मिआ’, शब्दशः ‘3 पर्यंत पोचणाऱ्या प्रमाणानं’.

आधीच आटवून घेतलेल्या कापडाला ‘मुसब्बक़ अल्-इन्किमाश’ म्हणतात. लोकरीचा स्वेटर मात्र वेगळा. गरम पाण्यात घुसळला की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि त्याचा नमदा होतो. सामान्य सूचनेत तिथंही इन्किमाश चालतं, पण कापडाच्या तांत्रिक अहवालात ‘तलब्बुद’ लिहा. नमद्याला अरबीत लुब्बाद म्हणतात, त्याच मुळाचा हा शब्द. आणि मिसरी बोलीत बाई शेजारणीला यातलं काहीच म्हणत नाही, ती म्हणते शर्ट ‘कश्श’. लेबलवर ते लिहायचं नाही, पण ग्राहकाच्या ईमेलमध्ये दिसलं तर गोंधळू नका.

मातीचा अहवाल हा मला तुमच्या तीन कागदांतला सगळ्यात आवडलेला भाग, आणि तुम्ही नागपूरचे असल्यानं तो तुम्हाला सोपा जायला हवा. एप्रिल-मेमध्ये शहराबाहेर कुठल्याही काळ्या रानात जा, भेगांत हात जाईल. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातली चिकण खनिजं असतात, त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, पाणी गेलं की आकसते. भिंतींना तिरप्या चिरा पडतात त्या यामुळे. माती सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था नागपुरातच, अमरावती रोडवर आहे. पण अरबी जगाला ही माती अनोळखी आहे असं समजू नका. सुदानच्या जझीरा प्रदेशात, निळ्या नाईलच्या काठी, अशीच काळी, भेगाळणारी, कापसाची माती आहे. सेन्नार धरण 1925 साली पूर्ण झालं आणि तिथं कापसाची प्रचंड सिंचन योजना सुरू झाली. म्हणजे या विषयाची अरबी परिभाषा घडवलेली तयार आहे, आपण नवीन काही रचायचं नाही.

फुगणं म्हणजे ‘इन्तिफाख़’, आकसणं म्हणजे ‘इन्किमाश’, आणि अशा मातीला ‘तुर्बा इन्तिफाख़िय्या’ म्हणतात. अहवालात मातीच्या मर्यादा, म्हणजे किती पाण्याला तिची अवस्था बदलते ते आकडे, दिलेल्या असतील. द्रव मर्यादा ‘हद्द अस्-सुयूला’, सुघट्यता मर्यादा ‘हद्द अल्-लुदूना’, आणि आकुंचन मर्यादा ‘हद्द अल्-इन्किमाश’. हद्द हा शब्द आपलाच. ही नावं ठरलेली आहेत. इथं शैली म्हणून इन्किमाशच्या जागी तक़ल्लुस टाकलात तर अभियंत्याला वाटेल तुम्ही दुसऱ्याच चाचणीबद्दल बोलताय. तांत्रिक मजकुरात एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ द्या. आपल्याला शाळेत निबंधात पुनरुक्ती टाळायला शिकवलेलं असतं, ते इथं विसरायचं. काँक्रीटच्या आकुंचनालाही हाच शब्द, आणि तारांच्या जोडावर बसवून तापवायच्या नळीलाही.

एक व्याकरणाची गोष्ट याच जागी. ‘तुर्बा’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘तन्कमिश’, ‘यन्कमिश’ नाही. हे तुम्ही सांभाळाल. पण निर्जीवांचं अनेकवचनही अरबीत स्त्रीलिंगी एकवचनासारखं चालतं, आणि मराठी माणूस इथं हमखास घसरतो. ‘संख्या रोडावल्या’ हे ‘क़ल्लत अल्-आदाद’ होतं. क्रियापद अनेकवचनी करायचा मोह आवरा.

तक़ल्लुसची जागा कोणती मग? ज्याला सीमा आहे आणि ती सीमा आत सरकते, तिथं. जुन्या अरबीत हे मूळ सावलीसाठी आणि ओठासाठी यायचं. सावली आखडते, ओठ वर ओढला जाऊन दात दिसतात. त्यातून आजचे अर्थ आले: क्षेत्रफळ, प्रभाव, भूमिका, मुदत, दोघांतली दरी. अरल समुद्राचं क्षेत्रफळ घटलं हे सांगताना अरबी वर्तमानपत्र ‘तक़ल्लसत’ लिहील. पाण्याची कडा किनाऱ्यापासून मागे हटली असं दाखवायचं असेल तर ‘इन्हसर’, आपलं ओसरणं. नाग नदीचा पूर उतरला तर इन्हसर, तक़ल्लस नाही.

दवाखान्याचे कागद कधी हाती आले तर सावध राहा. तिथं चूक झाली तर हसण्यावारी जात नाही. गाठ लहान झाली हे ‘तक़ल्लस हज्म अल्-वरम’. हज्म म्हणजे आकार, तो शब्द सोडू नका. कारण तेच नाम अनेकवचनात, ‘तक़ल्लुसात’, आलं की वाचणाऱ्याला पेटके किंवा बाळंतकळा वाटतात. हृदयाच्या आकुंचनाला ‘इन्क़िबाद’, क़-ब-द या मुळापासून. जमिनीवरचा कबजा आणि पोटाचा कब्ज हे आपल्याकडे आलेले याच घरातले. रक्तदाबाचा वरचा आकडा ‘अद्-दग़्त अल्-इन्क़िबादी’, खालचा ‘अल्-इन्बिसाती’. यात स्नायू आवळतो आणि पुन्हा सुटतो. जे सुटत नाही, अवयव वाळून बारीक होतो, ते ‘दुमूर’. स्नायूचा असो, मेंदूचा असो. याच मुळाचं ‘दामिर’ हे विशेषण मदरशात शिकलेल्यांना ओळखीचं असेल. कुरआनातल्या हज सूरेत लांबच्या वाटांनी येणाऱ्या सडपातळ उंटांसाठी ते आलंय. घोड्याला दामिर म्हटलं तर कौतुक, शर्यतीसाठी तयार केलेला घोडा. किडनीला म्हटलं तर आजार.

मदरशातली अरबी आणि आजची व्यवहाराची अरबी यांतलं अंतर इन्कमशलाही लागू आहे. जुन्या ग्रंथांत ‘इन्कमश’ म्हणजे कामाला झपाट्यानं लागणं असाही अर्थ सापडतो. कोणी मौलवीसाहेब तुमचं लेबल बघून भुवया उंचावतील, तर तेही बरोबर आणि तुम्हीही बरोबर. तसंच ‘नुकसान’. अरबीत नक़्स, नुक़्सान म्हणजे निव्वळ कमी होणं, उणेपण. गणितात ‘पाच उणे दोन’ म्हणताना ते ‘नाक़िस’ म्हणतात. तोटा झाला असेल तर ‘ख़सारा’, हानी असेल तर ‘दरर’. मराठी किंवा उर्दू डोक्यात ठेवून अरबी पत्रात ‘नुक़्सान’ लिहिणारे मी बरेच पाहिले. वाचणारा शेख विचारात पडतो की माल कमी आला की खराब आला.

दुकानांच्या हिशोबात चोरी-मोडतोडीनं साठा कमी भरतो, त्यालाही इंग्रजी ‘श्रिंकेज’च म्हणतं. तिथं इन्किमाश टाळलेलं बरं, ‘फाक़िद अल्-मख़्ज़ून’ लिहा. अर्थकारणात इन्किमाश दोन कामं करतं, आणि हे खरंच त्रासदायक आहे. अर्थव्यवस्था आकसली तरी इन्किमाश, भाव सर्वत्र उतरत गेले तरी इन्किमाश. म्हणून नुसतं कधीच सोडू नका, पुढे ‘इक़्तिसादी’ तरी जोडा किंवा भावांचा उल्लेख करा. मंदीसाठी वेगळा शब्द आहे, ‘रुकूद’, साचलेलं पाणी. आशा, संधी, रस, महत्त्व यांना ‘तदाअल’. पातळी किंवा दर यांना साधं ‘इन्ख़फद’. संख्येला ‘क़ल्ल’, ज्याच्या नात्यातली ‘किल्लत’ नागपूरकर उन्हाळ्यात पाण्याच्या नावानं रोज म्हणतो. निव्वळ आकारानं लहान होण्याला ‘सग़ुर’ आहे खरं, पण त्याच मुळाच्या ‘साग़िर’ला हिणकसपणाची, मान खाली गेल्याची छटा आहे, माणसाबद्दल लिहिताना जपून. मनोविकारतज्ज्ञाला अमेरिकी बोलीत ‘श्रिंक’ म्हणतात ते गमतीचं आहे, अरबीत सरळ ‘तबीब नफ्सी’.

संत्र्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण नागपूरहून आखाताकडे कागद जायला लागले की आज ना उद्या ते येणारच. साठवणीत पाणी उडून फळ ‘श्रिंक’ होतं ते ‘यज़्बुल’, म्हणजे कोमेजतं. सालीसाठी ‘तजअ्अद’, सुरकुतली. इन्किमाश लिहिलं तर फळ धुतल्यासारखं वाटतं. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे आपल्या संत्र्याला ‘बुर्तुक़ाल’ म्हणणं. ते मोसंबीच्या जवळचं फळ आहे. सैल सालीचं संत्रं म्हणजे ‘यूसुफी’ किंवा ‘मन्दरीन’.

उरलं पत्र. माणूस भीतीनं कोपऱ्यात अंग चोरून बसला तर अरबीतही ‘इन्कमश’ म्हणतात, म्हणून मोबाइल तुम्हाला तो सुचवत असणार. पण तुमच्या वाक्यात कोणी कोपऱ्यात बसलेलं नाही. इथं ‘जबाबदारीपासून’मधला ‘पासून’ महत्त्वाचा. न कचरणं म्हणायचं असेल तर ‘अहजम अन’: ‘लन तुहजिम अश्-शरिका अन तहम्मुलि मस्ऊलिय्यातिहा’, कंपनी आपल्या जबाबदाऱ्या उचलायला कचरणार नाही. ‘लन’मुळे भविष्यातला ठाम नकार येतो, तो हवाच. पण पत्राच्या आधीच्या भागात वाद, भरपाई, कराराचं कलम असं काही असेल तर कंपनीला धैर्याबद्दल बोलायचं नाहीये. ती जबाबदारी झटकणार नाही असं सांगतेय. मग ‘लन ततनस्सल मिन मस्ऊलिय्यातिहा’. पहिल्यात ‘अन’, दुसऱ्यात ‘मिन’. ही अव्ययं क्रियापदाबरोबर पाठ करायची, वेगळी नाहीत. ‘शरिका’ स्त्रीलिंगी असल्यानं दोन्हीकडे ‘त’नं सुरुवात.

तुम्ही पत्राचा फक्त तो एक परिच्छेद पाठवलाय, त्यावरून मी दुसऱ्याकडे झुकतो. आधीचा परिच्छेद वाचा, त्यात रकमेचा आकडा दिसला तर डोळे मिटून ‘ततनस्सल’ घाला.